छप्पर कोणाचे, सवलत कोणाला?

छतावर सौर पॅनेल बसवा, केंद्र सरकार ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान देईल, महापालिका घरपट्टीत सूट देईल, महिन्याचे बिल शून्यावर येईल. ही जाहिरात एसटी स्टँडपासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत सगळीकडे आहे. तिच्यातले घर मात्र नेहमी एकाच जातकुळीचे असते. पक्का स्लॅब, दारात गाडी, गच्चीवर हसणारे चौकोनी कुटुंब. पत्र्यावर दगड ठेवून वाऱ्याला तोंड देणारे आपल्या वस्तीतले घर तिथे दिसत नाही. जाहिरात करणारे त्याला विसरले, असे समजण्याचे कारण नाही. मूळ धोरणच स्लॅबच्या घराकडे बघून लिहिले गेले आहे. ते कसे घडले हे कळायचे तर विजेचा, कराचा आणि जमिनीचा इतिहास एकत्र वाचावा लागतो. आपल्या अभ्यासवर्गांत जमिनीवर बोलणे होते, विजेवर जवळजवळ नाही आणि करावर तर अजिबात नाही. बाबासाहेबांनी मात्र तिन्हींवर लिहिले, बोलले आणि कामही केले.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्या खात्याकडे कामगार कायद्यांबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत युद्धोत्तर वीजपुरवठ्याच्या धोरणासाठी नेमलेल्या समितीची बैठक झाली आणि अध्यक्षस्थानावरून बाबासाहेब बोलले. हे भाषण महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात आहे. कार्यकर्त्यांनी ते मुळातून वाचावे. विजेची मालकी खासगी असावी की सरकारी, जबाबदारी केंद्राची की प्रांतांची, आणि स्वस्त व मुबलक वीज मिळण्याचा मार्ग कोणता, असे प्रश्न त्यांनी समितीसमोर मांडले. पुढे जाऊन त्यांनी विचारले की वीज हवी तरी कशासाठी. उत्तर असे की विजेवाचून उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांवाचून इथला माणूस दारिद्र्याच्या चक्रातून सुटणार नाही. म्हणजे त्यांच्या मांडणीत वीज ही दारिद्र्यात अडकलेल्या माणसाच्या सुटकेचे साधन होती. घरात दिवा लागतो की नाही, एवढ्यापुरता तो प्रश्न त्यांनी ठेवला नाही.

नोव्हेंबर १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. १९४८ मध्ये वीज (पुरवठा) कायदा आला आणि त्यातून राज्यांची वीज मंडळे उभी राहिली. आपले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० चे. बाबासाहेबांनी एकट्याने देशाला वीज दिली, अशा अर्थाच्या पोस्ट दर १४ एप्रिलला व्हॉट्सअॅपवर फिरतात. त्या पुढे पाठवू नका. त्या काळात अनेक अभियंते, अधिकारी आणि मंत्री या कामात होते, आणि १९४८ चा कायदा आला तेव्हा ऊर्जा खाते काकासाहेब गाडगिळांकडे होते. बाबासाहेबांचे योगदान आहे तेवढेच पुरेसे मोठे आहे, त्याला फुगवायची गरज नाही. वीज हा सार्वजनिक धोरणाचा विषय आहे आणि त्याचा निकष शेवटच्या माणसाला परवडणे हा आहे, ही दिशा त्यांनी दिली. आजच्या सौर धोरणाला हाच निकष लावून बघू.

त्याआधी मधल्या साठ वर्षांत काय झाले ते पाहिले पाहिजे, कारण सौर पॅनेलचे भांडण नवीन वाटले तरी त्याची रीत जुनी आहे.

गावात वीज आली, असे सरकार कधी म्हणत होते? १९९७ पर्यंतची व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, तर ते गाव विद्युतीकृत. म्हणजे पाटलाच्या विहिरीवर एक मोटार बसली की कागदावर सगळे गाव उजळले. १९९७ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि वापर वस्ती असलेल्या भागात हवा, अशी अट आली. पण वस्ती म्हणजे कोणाची? मुख्य गावठाणात खांब आले आणि ओढ्यापलीकडच्या महारवाड्यात, मांगवाड्यात आले नाहीत, तरी गाव विद्युतीकृतच. शेवटी २००४ मध्ये केंद्र सरकारने नवी व्याख्या केली. ट्रान्सफॉर्मर आणि तारा गावाच्या वस्तीत हव्यात आणि जिथे दलित वस्ती असेल तिथेही हव्यात, शाळा-पंचायत-दवाखान्यासारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज हवी, आणि किमान १० टक्के घरांत जोडणी हवी.

या व्याख्येकडे नीट बघा. स्वातंत्र्यानंतर ५७ वर्षांनी भारत सरकारला वीज खात्याच्या तांत्रिक व्याख्येत 'दलित वस्ती' हे शब्द लिहावे लागले. ते लिहिल्याशिवाय तार तिकडे वळत नव्हती, याची ही सरकारी कबुली आहे. वीज जात बघत नाही, असे आपल्याला शाळेत सांगतात. विजेचे खरे आहे. खांब कुठे रोवायचा हे ठरवणारा माणूस मात्र जात बघत होता. आणि १० टक्क्यांची अट तरी काय होती? शंभरातील नव्वद घरे अंधारात असली तरी गाव प्रकाशमान. ती नव्वद घरे कोणाची, हे समाजशास्त्राची पदवी नसलेला माणूसही सांगेल.

यानंतर राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली, २०१७ मध्ये सौभाग्य आली, जोडण्या वाढल्या. तरीही २०२१ मध्ये महावितरणला १४ एप्रिल ते ६ डिसेंबर या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना राबवावी लागली. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना ५०० रुपये अनामतीवर जोडणी, तीही पाच हप्त्यांत. ५०० रुपये पाच हप्त्यांत! जिथे पाचशे रुपये एकरकमी निघत नाहीत, त्या घरासमोर आपण आता हजारोंची गुंतवणूक करा आणि पंचवीस वर्षे फायदा मिळवा, असा प्रस्ताव ठेवतो आहोत.

आता सवलतींकडे वळू. शहरांत घरगुती सौरऊर्जेला स्थानिक कराची सवलत मिळू लागली ती पाणी तापवण्याच्या सौर बंबांपासून, म्हणजे घरगुती वीजनिर्मितीची चर्चा सुरू व्हायच्या आधीपासून. ठाणे, नागपूर, अमरावती या महापालिकांनी सौर बंब बसवणाऱ्यांना मालमत्ता करात ६ ते १० टक्के सूट जाहीर केली होती. पुण्यात सौरऊर्जा, पावसाचे पाणी जिरवणे आणि गांडूळखत यांपैकी एक केले तर ५ टक्के आणि अधिक केले तर १० टक्के अशी सूट. शेजारच्या कर्नाटकात सौर बंब असेल तर वीज बिलातच महिन्याला ५० रुपयांपर्यंत सवलत होती. हेतू चांगला होता. कोळसा वाचेल, सकाळच्या गिझरचा भार कमी होईल. पण सवलतीचा पाया बघा. ती करातून वजा होते. ज्याचा कर मोठा त्याची सूट मोठी, ज्याचा कर शून्य त्याची सूट शून्य.

मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. निर्णय चांगला आहे. पण मग अशा घरात राहणाऱ्याला मालमत्ता करातली सौर सवलत देऊ केली, तर ती शून्याच्या १० टक्के होईल. झोपडपट्टीत राहणाऱ्याचे नाव मालमत्ता कराच्या वहीत मालक म्हणून मुळातच नसते. भाडेकरूचेही तेच. बंगलेवाल्याला सूट, चाळीतल्याला शुभेच्छा.

इथे बाबासाहेबांचे १९२७ चे भाषण आठवते. ते मुंबई विधिमंडळात नुकतेच नियुक्त झाले होते आणि अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवले. एक एकरवाला शेतकरी आणि मोठा जहागीरदार, दोघांनाही साऱ्याचा दर सारखाच. प्राप्तिकरात किमान उत्पन्नाची मर्यादा आहे, शेतसाऱ्यात तीही नाही. कर ऐपतीवर बसला पाहिजे, नुसत्या धारण केलेल्या जमिनीवर नाही, हे त्यांच्या टीकेचे सार. दोनच वर्षांपूर्वी त्यांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे हा माणूस हवेत बोलत नव्हता. हाच नियम उलटा करून सवलतीला लावा. करसवलत हाही सरकारचा खर्चच असतो. तिजोरीतून पैसे बाहेर गेले काय आणि आत आलेच नाहीत काय, शिल्लक तेवढीच कमी होते. मग हा खर्च ऐपत असलेल्यावर का?

आणि कंपन्यांना तर याहून मोठे ताट वाढलेले होते. सौर यंत्रणेवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा दाखवून प्राप्तिकर वाचवण्याची सोय होती. एप्रिल २०१७ पासून ती ४० टक्के झाली. नफा कमावणाऱ्याच्याच कामाची ही सोय आहे. मजुरी करणाऱ्या बाईला घसारा दाखवता येत नाही, तिची झिजते ती पाठ.

आपल्या माणसाला विजेवर जो कर खरोखर लागतो, तो कुठे आहे ते बिल काढून बघा. घरगुती बिलात 'विद्युत शुल्क' अशी एक ओळ असते. महाराष्ट्रात त्याचा दर १६ टक्के आहे. घर स्वतःचे असो की भाड्याचे, वर स्लॅब असो की पत्रा, मीटर आहे तिथे हे शुल्क आहे. सौरऊर्जेसाठी कराची सवलत द्यायचीच असेल, तर ती या ओळीतून द्यायला काय हरकत होती? कमी वापराच्या घरांना सौरऊर्जेच्या नावाने विद्युत शुल्क माफ करता आले असते. पण घरपट्टीची सूट सुचली, शुल्काची सुचली नाही. धोरण लिहिणारे कुठल्या घरात राहतात, हे यातून कळते.

मुळात छप्पर स्वतःचे असणे, हीच आपल्याकडे जातीच्या इतिहासातून आलेली गोष्ट आहे. गावठाणाच्या आत कोणाची घरे आणि बाहेर कोणाची, हे इंग्रजांच्या मोजणीच्या आधीच ठरलेले होते. मोजणीने त्यावर शिक्का मारला. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्यांचा लढा त्याच परंपरेतला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. प्रत्यक्ष सातबारा किती जणांच्या हातात पडला, हे त्या गावांत जाऊन विचारा.

कामाच्या निमित्ताने मी वस्त्यांमध्ये सौर योजनेचे अर्ज भरून घ्यायला बसतो. अर्ज ऑनलाइन आहे, पाच मिनिटांचा आहे, असे सांगतात. पण वीजमीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर असतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ चुलत्याच्या नावावर, आधारवर आडनाव वेगळे, आणि घर ज्या जागेवर उभे आहे ती सरकारदरबारी गायरान. एका घरात सून म्हणाली, "दादा, आमचं घर आहे हे आम्हाला माहीत, पावसाला माहीत. कागदाला माहीत नाही." याहून चांगली धोरण-समीक्षा मी विद्यापीठात ऐकली नाही. कागद जुळले तरी पत्रा उरतोच. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि वाऱ्यात टिकेल असा आधार लागतो. दगड ठेवून थोपवलेल्या पत्र्यावर कोणताही ठेकेदार पॅनेल बसवत नाही.

हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत २००६ पासून घरावर सौर यंत्रणा बसवणाऱ्याला खर्चाच्या ३० टक्के करसवलत होती. ती २०२५ च्या अखेरीस बंद झाली. ती प्राप्तिकरातून वजा व्हायची, म्हणजे ज्याला कर लागत नाही त्याला काही नाही. २०१९ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात टफ्ट्स आणि बर्कली विद्यापीठांच्या संशोधकांचा अभ्यास आला. उत्पन्न सारखे धरले, तरी कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या वस्त्यांत छतावरची सौर यंत्रणा, कोणताही एक वंश बहुसंख्य नसलेल्या वस्त्यांच्या तुलनेत ६९ टक्के कमी होती. घराच्या मालकीचे प्रमाण सारखे धरून मोजले तरी ६१ टक्के कमी. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारी संस्थेने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने रंगवल्या होत्या, म्हणजे इथे गृहकर्ज धोक्याचे. तिथली लाल रेघ आणि आपले गावकूस यांची तुलना पँथरच्या काळापासून आपण भाषणांत करतो. छतावरच्या पॅनेलमध्ये तीच आता आकड्यांत दिसते. आपल्याकडे सौर योजनांची जातवार आकडेवारी मागणे म्हणूनच गरजेचे आहे. लाभार्थ्यांचे अर्ज ऑनलाइन भरले जातात, मग सामाजिक प्रवर्ग नोंदवून जिल्हावार आकडे प्रसिद्ध करणे अवघड नाही.

आता ताजी योजना. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना सुरू झाली. एक कोटी घरे, ७५,०२१ कोटी रुपये. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार. महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या घराला एक किलोवॉट पुरते, ज्याच्याकडे एसी आणि गिझर आहे त्याला तीन लागतात. म्हणजे जास्त वीज वापरणाऱ्या घराला दर घरामागे सरकारी पैसा जास्त. अट काय? स्वतःचे घर, योग्य छत आणि वीजजोडणी. सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८ हजारांची वेगळी तरतूद आहे. वस्तीला सोसायटी समजण्याची कल्पना मात्र कोणाला सुचली नाही.

२०२५ मध्ये राज्य सरकारने यावर एक दुरुस्ती केली, ती मान्य करायला हवी. स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप म्हणजे 'स्मार्ट' योजनेत दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात. एक किलोवॉटचा खर्च ५० हजार धरला तर त्याला २,५०० भरावे लागतात. शंभर युनिटच्या आतल्या इतर ग्राहकांमध्ये सर्वसाधारण गटाला राज्याचे १० हजार, अनुसूचित जाती-जमातींना १५ हजार, म्हणजे आपल्या घराला ५ हजार रुपये भरावे लागतात. उद्दिष्ट पाच लाख ग्राहकांचे. हा फरक आपण वापरलाच पाहिजे. एका किलोवॉटमधून महिन्याला सरासरी शंभर-एकशेवीस युनिट निघतात, म्हणजे छोट्या घराचा बहुतेक वापर भागतो. ज्यांचे घर नावावर आहे, स्लॅब आहे, त्यांचे अर्ज कार्यकर्त्यांनी बसून भरून घ्यावेत. जागा मर्यादित आहेत आणि ज्यांचे कागद तयार, ते पुढे जाणार. मीटरचे नाव बदलून घेण्याचा अर्ज आजच करा, तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो.

पण यातही छप्पर ही अट आहेच. आणि दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून नेट मीटरिंग आहे. छतावर तयार झालेली वीज ग्राहकाच्या वापरातून वजा होते. आपल्याकडे दर टप्प्यांचे आहेत, शंभर युनिटपर्यंत कमी, पुढे चढत जाणारे. वरच्या टप्प्यातला ग्राहक जास्त दर देतो, त्यातून खालच्या टप्प्याला आधार मिळतो. सौर पॅनेल बसले की सर्वात आधी हेच वरचे महाग युनिट कमी होतात. बंगल्याचे बिल शून्य झाले, तरी तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर यांचा खर्च राहतोच. रात्री तोही त्याच तारांवरून वीज घेतो. मग हा खर्च कोणाकडून वसूल होणार? ज्याच्याकडे पॅनेल नाही त्याच्याकडून. म्हणून सौरऊर्जा हा श्रीमंतांचा खासगी विषय आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून चालणार नाही. आपण त्यात नसलो तरी बिल आपल्याकडे येणार आहे.

दुसरीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत मोठ्या प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने दिल्या जात आहेत आणि त्यांत गायरानेही आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी, हे आपल्यालाही हवे आहे. पण ज्या गायरानावर दोन-तीन पिढ्या भूमिहीन कुटुंब कसते आहे, तिथे पॅनेल आले तर त्या कुटुंबाचे काय? खासगी जमीन मालकाला याच योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे. गायरान कसणाऱ्याला नोटीस. ग्रामसभेत असा विषय आला की आपल्या प्रतिनिधीने कसणाऱ्यांची यादी इतिवृत्तात नोंदवून घेतल्याशिवाय सही करू नये.

मग मागायचे काय? सवलत छपरापासून सोडवून माणसाच्या बिलाला जोडा, ही मागणी. हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच आभासी नेट मीटरिंगची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पॅनेल एका जागी, त्याची वीज ठरलेल्या हिश्शाने अनेक घरांच्या बिलात वजा. आपल्या वस्तीत समाजमंदिर आहे, बुद्ध विहार आहे, जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथल्या छतावर ३० किलोवॉटची यंत्रणा बसली तर पत्र्याखाली राहणारी तीस घरे एकेका किलोवॉटची भागीदार होतात. कोणालाही सातबारा दाखवावा लागत नाही, फक्त मीटर लागतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास या योजनेतून आपल्याकडे वर्षानुवर्षे पेव्हर ब्लॉक आणि कमानी होतात. ठेकेदाराला त्यात सोयीचे असते. त्याच निधीतून विहाराच्या छतावर वस्तीच्या मालकीची यंत्रणा का नको, हे जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्याला लेखी विचारायला सुरुवात करा. उत्तर लेखीच मागा. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ठरवणाऱ्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, नगरपालिका हद्दीत वॉर्डाच्या नगरसेवकाकडे द्या, आणि वीज नियामक आयोग दरवाढीवर हरकती मागवतो तेव्हा वस्तीच्या सह्यांनिशी हरकत पाठवा. त्या सुनावण्यांत उद्योगांच्या संघटना वकील घेऊन येतात. शंभर युनिटच्या आतल्या ग्राहकाची बाजू मांडायला तिथे आपला माणूस उभा असला पाहिजे. पुढच्या सुनावणीची सूचना वर्तमानपत्रात आली की हरकतीचा मसुदा इथे टाकतो, तोपर्यंत आपापल्या वस्तीत किती मीटर कोणाच्या नावावर आहेत, याची यादी करून ठेवा.